लेटमार्कचा माग: हजेरीच्या सॉफ्टवेअरमधील चुका कशा शोधाव्यात

कारखान्याच्या गेटवर कामगार अंगठा लावतो किंवा चेहरा दाखवतो, तेव्हा तेथील यंत्र एवढेच टिपून ठेवते की अमुक क्रमांकाची व्यक्ती अमुक तारखेला अमुक वाजता आपल्यासमोर होती. ती वेळेवर आली की उशिरा, हे त्या यंत्राला बहुधा कळत नाही. उशीर ठरतो तो नंतर, कार्यालयातील संगणकावर, जेव्हा हजेरीचे सॉफ्टवेअर त्या नोंदीतील वेळ घेते, त्या व्यक्तीला त्या दिवशी कोणती पाळी नेमून दिली होती ते शोधते, पाळी सुरू होण्याच्या वेळेत सवलतीची मिनिटे मिळवते आणि एक वेळ दुसरीतून वजा करते. लेटमार्क हे अशा रीतीने प्रत्यक्ष पाहिलेले तथ्य नसून वजाबाकीचे उत्तर आहे, आणि त्या वजाबाकीत उतरणारी प्रत्येक संख्या वेगळ्या ठिकाणाहून, वेगळ्या माणसाच्या हातून आलेली असते. उत्तराबद्दल तक्रार आली की माणसाला बोल लावण्याआधी या संख्या एकेक करून तपासणे हाच शोधाचा मार्ग होय.

नागपूरच्या पूर्वेला, भंडारा रस्त्यावर, कन्हान नदीच्या काठी असलेल्या मौद्यासारख्या गावी या विषयाला विशेष महत्त्व येते. येथे एनटीपीसीचे 2320 मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र आहे, त्यात 500 मेगावॉटचे दोन आणि 660 मेगावॉटचे दोन संच आहेत आणि त्याला गोसीखुर्द जलाशयाचे पाणी मिळते. असे केंद्र, किंवा सतत चालणारा कोणताही कारखाना, रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही, त्यामुळे तेथील कामाला दिवस आणि रात्र असा भेद नसतो. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी आणि कार्यालयीन वेळेची जनरल शिफ्ट अशा चार घड्याळांवर माणसे येत-जात राहतात. त्यांच्यात कायम कर्मचारी असतात, ठेकेदारांकडचे कामगार असतात, कामठी, रामटेक, भंडारा अशा ठिकाणांहून बसने किंवा दुचाकीने येणारे असतात आणि आसपासच्या गावांतील, घरी धानाची शेती करून कामावर येणारेही असतात. जिथे सर्वजण सकाळी दहाला येतात आणि सहाला जातात अशा कार्यालयासाठी रचलेले सॉफ्टवेअर अशा ठिकाणी बसवले की त्यातील प्रत्येक गृहीतक कुठे ना कुठे चुकू लागते. पुढील उदाहरणांतील वेळा विषय समजावा म्हणून योजलेल्या असून त्या कोणत्याही एका कारखान्याच्या नोंदी नाहीत.

गिरण्यांच्या काळात पाळीची वेळ भोंगा सांगत असे आणि हजेरी मस्टरवर लागत असे. अमेरिकेत ऑबर्न येथील विलार्ड बंडी या जवाहिऱ्याने 1888 साली कामगारांची वेळ नोंदवणारे घड्याळ तयार केले आणि ज्या कंपन्यांच्या विलीनीकरणातून पुढे 1924 मध्ये आयबीएम हे नाव आले, त्यांत बंडींच्या या व्यवसायाचाही वाटा होता. नंतरच्या अनेक यंत्रांत दोनरंगी फीत असे आणि उशिरा आलेल्याच्या कार्डावर वेळ लाल शाईत उमटत असे. त्या व्यवस्थेत कठोरपणा होता, पण एक मोठी सोयही होती: उशीर लागल्याचे कामगाराला त्याच क्षणी, स्वतःच्या डोळ्यांनी दिसत असे, आणि हरकत घ्यायची तर ती तिथेच घेता येत असे. आजच्या व्यवस्थेत त्याला ते महिनाअखेरीस, पगाराची पावती हातात पडल्यावर कळते, आणि तोपर्यंत त्या दिवशी नेमके काय घडले याची आठवण कोणालाच राहिलेली नसते. म्हणून आजच्या शोधाची सुरुवात अहवालापासून न होता यंत्रातील कच्च्या नोंदींपासून व्हावी लागते. कच्ची नोंद म्हणजे कोणतीही प्रक्रिया न झालेली ओळ, जिच्यात व्यक्तीचा क्रमांक, यंत्राचा क्रमांक, तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ असते. तक्रारीतील वेळ कच्च्या नोंदीतच चुकीची असेल तर दोष यंत्राकडे आहे. कच्ची नोंद बरोबर असून अहवाल चुकीचा असेल तर दोष पाळीत, नियमात किंवा प्रक्रियेत आहे. हा एक प्रश्न आधी सुटला की अर्धे काम झाले असे समजावे.

यंत्राकडे पाहताना पहिला संशय घड्याळावर घ्यावा. हजेरीयंत्रातील साधे घड्याळ सेकंदाला 32,768 वेळा कंप पावणाऱ्या क्वार्ट्‌झ स्फटिकावर चालते, आणि त्या स्फटिकात दहा लाखांत 20 भाग एवढी चूक सर्वसाधारण मानली जाते. ती दिवसाला 1.7 सेकंद आणि वर्षाला सुमारे 10 मिनिटे भरते. हा स्फटिक 25 अंश सेल्सिअसच्या आसपास बरोबर चालेल असा कापलेला असतो आणि तापमान त्यापेक्षा कमी झाले किंवा वाढले तरी तो मंदच होतो. नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. गेटच्या पश्चिमेकडील भिंतीवर, पत्र्याच्या पेटीत बसवलेल्या यंत्राच्या आत 55 अंश तापमान राहिले तर केवळ उष्णतेमुळे घड्याळ दिवसाला आणखी अडीच सेकंदांनी मागे पडेल आणि संपूर्ण उन्हाळ्यात ही तूट जवळजवळ 4 मिनिटांची होईल. मागे पडलेले घड्याळ आत येणाऱ्याच्या फायद्याचे आणि बाहेर जाणाऱ्याच्या तोट्याचे असते, कारण येताना ते उशीर झाकते आणि जाताना जादा कामाची मिनिटे खाते. याचा आणखी एक परिणाम असा की महिनोन्‌महिने मागे असलेले घड्याळ एखाद्या दिवशी बरोबर केले गेले की दुसऱ्या दिवशीपासून लेटमार्कची संख्या एकदम वाढते. माणसे आळशी झालेली नसतात. ती गेटवरच्या त्या घड्याळाच्या हिशेबाने घरून निघण्यास सरावलेली असतात. घड्याळ दुरुस्त करण्याच्या दोन-तीन दिवस आधी गेटवर सूचना लावणे एवढ्यासाठीच आवश्यक ठरते.

यावर उपाय म्हणजे यंत्राचे घड्याळ नेटवर्कवरून आपोआप जुळवून घेणे. त्यासाठी वापरली जाणारी एनटीपी ही पद्धत 1985 पासून प्रचलित आहे, तिच्यात यंत्र ठरावीक काळाने प्रमाणवेळ देणाऱ्या संगणकाला वेळ विचारते आणि निरोप जाण्यायेण्यास लागलेला अवधी वजा करून स्वतःचे घड्याळ सुधारते. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांत कंपन्या आणि शासकीय संस्था यांनी आपल्या प्रणालींची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या स्रोताशी, जोडावीत असे सांगितले आहे. एनटीपीचे निरोप 123 क्रमांकाच्या पोर्टवरून जातात, आणि कारखान्याच्या फायरवॉलने ते पोर्ट बंद ठेवले असेल तर यंत्राच्या पडद्यावर वेळ जुळवणी चालू असल्याचे दिसत राहते, प्रत्यक्षात मात्र एकदाही वेळ जुळलेली नसते. मोबाइलवरील वेळ आणि यंत्रावरील वेळ शेजारी धरून पाहणे ही तपासणी साधी असली तरी तीच निर्णायक असते.

घड्याळ किती चुकले यावरून ते का चुकले हेही बहुधा कळते. फरक काही सेकंदांचा किंवा मिनिटांचा असेल तर स्फटिकाची चूक हे कारण असते. यंत्र बरोबर 2 तास 30 मिनिटे पुढे असेल तर ते चीनच्या प्रमाणवेळेवर लावलेले आहे, तारीख एकदम 2000 सालातली दिसत असेल तर आतील नाण्याच्या आकाराची 3 व्होल्टची बॅटरी संपली असून वीज गेल्याबरोबर घड्याळ आरंभबिंदूवर गेले आहे, आणि फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर कुठेतरी भारतीय प्रमाणवेळेऐवजी जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, वापरली गेली आहे. शेवटचा दोष पुष्कळदा यंत्रात नसतो, दूरच्या सर्व्हरवर असतो, आणि तो पहिल्या पाळीला फार विचित्र रीतीने छळतो. भारतात पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा यूटीसीनुसार मध्यरात्र होते आणि तारीख बदलते. सर्व्हरने दिवसाची सीमा यूटीसीनुसार धरली असेल तर सहाच्या पाळीसाठी 5 वाजून 35 मिनिटांनी आलेल्या कामगाराची नोंद त्याच तारखेला पडते, पण 5 वाजून 25 मिनिटांनी आलेल्याची नोंद आदल्या तारखेच्या 23 वाजून 55 मिनिटांवर जाऊन बसते. त्या दिवशी त्याची आत येण्याची नोंदच उरत नाही आणि दुपारी दोनला बाहेर जाताना केलेला पंच, म्हणजे यंत्रावरील नोंद, हाच पहिला पंच ठरून त्याला आठ तासांचा उशीर लागतो. लवकर येणाऱ्यांनाच लेटमार्क लागत असल्याची तक्रार ऐकली की ती अतिशयोक्ती समजून बाजूला न टाकता दिवसाची सीमा तपासावी.

घड्याळानंतर ओळख. यंत्रातील क्रमांक आणि सॉफ्टवेअरमधील कर्मचारी क्रमांक हे एकमेकांशी कोणीतरी हाताने जोडलेले असतात, आणि 0457 हा क्रमांक एक्सेलच्या तक्त्यातून जाताना पुढचे शून्य गळून 457 झाला की त्या माणसाच्या नोंदी निराधार पडून राहतात. ठेकेदार बदलल्यावर त्याच कामगाराला नवा क्रमांक मिळतो, पण यंत्रातील अंगठा जुन्याच क्रमांकाशी बांधलेला राहतो, हेही नेहमीचे आहे. अंगठ्याची अडचण याहून खोल आहे. यंत्र संपूर्ण ठसा ताडून पाहत नाही, ठशातील रेषा जिथे संपतात किंवा जिथे फुटतात असे बिंदू शोधून त्यांची मांडणी जुळवते. राख, सिमेंट आणि लोखंड हाताळणाऱ्यांच्या बोटांवर हे बिंदू झिजतात, आणि मौदा तालुक्यात रोवणीच्या दिवसांत चिखलपाण्यात तास न्‌ तास राहिलेल्या हातांची कातडी सुरकुतून ते ओळखू येईनासे होतात. असा माणूस 5 वाजून 56 मिनिटांनी यंत्रापुढे उभा राहतो, बोट पुसतो, पुन्हा लावतो, मागच्यांना पुढे जाऊ देतो, आणि अखेरीस 6 वाजून 7 मिनिटांनी यंत्र त्याला स्वीकारते. नोंद होते ती स्वीकारल्याच्या क्षणाची. नाकारलेले प्रयत्न पुष्कळ व्यवस्थांत हजेरीच्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचतच नाहीत. ज्यांच्या नावावर पावसाळ्यातच लेटमार्क साचतात त्यांचे ठसे दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांचे नव्याने घ्यावेत आणि जोडीला कार्डाची किंवा चेहऱ्याची सोय द्यावी. कष्टाने झिजलेल्या बोटांची किंमत त्या माणसाच्या पगारातून वसूल होणे हा या व्यवस्थेतील सर्वांत मोठा अन्याय आहे, आणि तो कोणाच्याही वाईट हेतूशिवाय घडतो म्हणून तो सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही.

यंत्र निर्दोष ठरले की पाळीकडे वळावे, आणि येथे सर्वाधिक गोंधळ रात्रपाळीचा असतो. रात्री 10 ते सकाळी 6 या पाळीचा एक कामगार सोमवारी 21:52 ला आत येतो, मंगळवारी सकाळी 06:07 ला बाहेर पडतो आणि मंगळवारी रात्री पुन्हा 21:49 ला आत येतो असे धरू. सॉफ्टवेअरने दिवस मध्यरात्री तोडला असेल तर सोमवारच्या खात्यात 21:52 हा एकच पंच उरतो, म्हणून सोमवारी अर्धी किंवा पूर्ण गैरहजेरी लागते. मंगळवारच्या खात्यात पहिला पंच 06:07 आणि शेवटचा 21:49 असतो. सॉफ्टवेअर पहिल्याला आगमन आणि शेवटच्याला निर्गमन समजते, त्यामुळे रात्रभर राबून घरी निघालेला माणूस पहिल्या पाळीला 7 मिनिटे उशिरा आलेला ठरतो आणि त्याच्या नावावर 15 तास 42 मिनिटांचे काम लागते. एका बाजूला लेटमार्क आणि दुसऱ्या बाजूला प्रचंड ओव्हरटाइम अशी जोडी अहवालात दिसली की हाच दोष आहे हे खात्रीने समजावे. कायद्याने हा प्रश्न अशी सॉफ्टवेअर निघण्याच्या कितीतरी आधी सोडवला होता. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 57 ने असे ठरवले होते की मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीत काम करणाऱ्यासाठी पुढचा दिवस म्हणजे ती पाळी संपल्यापासूनचे 24 तास, आणि मध्यरात्रीनंतर केलेले काम आदल्या दिवसात मोजायचे. सॉफ्टवेअरमध्ये याचा अर्थ एवढाच की दिवसाची सीमा मध्यरात्रीवर न ठेवता पाळीच्या आधी आणि नंतर काही तासांची खिडकी मोकळी ठेवायची, आणि त्या खिडकीत पडलेले सर्व पंच पाळी ज्या तारखेला सुरू झाली त्या तारखेचे धरायचे. बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. ती पाळीगणिक चालू करावी लागते आणि तेवढेच करायचे राहून जाते.

ऑटो शिफ्ट हा दुसरा सापळा. रोस्टर, म्हणजे कोणाला कोणती पाळी याचा तक्ता, दर आठवड्याला भरण्याचा त्रास नको म्हणून सॉफ्टवेअरला पंचाच्या वेळेवरून पाळी ओळखू दिली जाते, आणि ते जवळात जवळची पाळी निवडते. पहिली पाळी 6 ला आणि जनरल 9 ला सुरू होत असेल तर 7:30 हा मधला बिंदू होतो. जनरल शिफ्टच्या तंत्रज्ञाला बिघाडासाठी 7:10 ला बोलावले तर तो पहिल्या पाळीला 70 मिनिटे उशिरा आलेला ठरतो, आणि पहिल्या पाळीचा माणूस 7:40 ला आला तर तो जनरल शिफ्टला 80 मिनिटे लवकर आलेला दिसतो. ही सोय एकाचा उशीर निर्माण करते आणि दुसऱ्याचा लपवते, त्यामुळे जिथे पाळ्या एकमेकींच्या जवळ आहेत तिथे ती वापरू नये हे बरे. आपसांत केलेली पाळीची अदलाबदल रोस्टरमध्ये न चढणे आणि मारबत किंवा तान्हा पोळा यांसारखी नागपूरकडची सुट्टी दूरच्या मुख्यालयाने भरलेल्या यादीत नसणे, ही याच वर्गातील किरकोळ कारणे होत.

सवलतीच्या मिनिटांबाबत, ज्यांना सर्वत्र ग्रेस टाइम म्हणतात, दोन गोष्टी लेखी ठरलेल्या असाव्यात. नऊच्या पाळीला 10 मिनिटांची सवलत असताना 9:12 ला आलेल्याचा उशीर 12 मिनिटांचा मोजायचा की 2 मिनिटांचा, ही पहिली. आणि 9 वाजून 10 मिनिटे 40 सेकंदांची नोंद सवलतीत धरायची की नाही, ही दुसरी, कारण अहवालात 9:10 एवढेच छापले जाते आणि आतला हिशेब सेकंदांवर होतो, मग वेळेत असूनही लेटमार्क का हे कोणालाच सांगता येत नाही.

एक कारण मात्र सॉफ्टवेअरबाहेरचे असूनही सॉफ्टवेअरमध्येच दिसते, ते म्हणजे रांग. एका माणसाच्या ओळखीस 6 सेकंद लागत असतील तर एक यंत्र मिनिटाला 10 माणसे आत सोडते. बसगाड्या 5:50 ला लागल्या आणि 200 माणसे एकाच यंत्रापुढे उभी राहिली तर शेवटचा माणूस 6:10 ला आत जातो, जरी तो 5:50 पासून गेटवर असला तरी. कच्च्या नोंदींत 6 ते 6:10 च्या दरम्यान एकाच यंत्रावर दर 6-7 सेकंदांनी अखंड पंच दिसत असतील तर ती रांग आहे, आणि तिच्यावरचा उपाय दुसरे यंत्र हा आहे.

या सर्व तपासणीला धार येते ती पगारामुळे. केंद्र शासनाच्या कार्यालयांत उशिराच्या प्रत्येक दिवसाला अर्ध्या दिवसाची नैमित्तिक रजा वजा होते आणि महिन्यातून दोनदा, रास्त कारण असल्यास, एक तासापर्यंतचा उशीर माफ करता येतो. कारखान्यांतही तीन लेटमार्कांना अर्धा दिवस असे नियम सर्रास लावले जातात. रजा वजा करणे आणि वेतन कापणे यांत कायदा फरक करतो. 1936 च्या वेतन प्रदान अधिनियमाने घालून दिलेले आणि 2019 च्या वेतन संहितेने पुढे चालवलेले तत्त्व असे आहे की गैरहजेरीसाठी कापलेले वेतन गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणापेक्षा अधिक असता कामा नये. आठ तासांच्या पाळीत 12 मिनिटे म्हणजे दिवसाचा चाळिसावा भाग. त्यासाठी अर्ध्या दिवसाचे वेतन कापणारे सॉफ्टवेअर प्रमाणाच्या वीसपट कापते, आणि ते कितीही अचूक चालत असले तरी तो दोषच आहे. याशिवाय सेवाशर्ती ठरवणाऱ्या आदर्श स्थायी आदेशांत सवयीने उशिरा येणे हे गैरवर्तन मानलेले असल्याने हाच अहवाल उद्या चौकशीत कामगाराविरुद्ध पुरावा म्हणून ठेवला जाऊ शकतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली न्यायालयात अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र आणि त्यात नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे नोंदीतील एक अक्षर बदलले तरी बदलणारी आकडेवजा खूण, द्यावे लागते. म्हणून चूक सापडली तरी कच्ची नोंद कधीही पुसू किंवा बदलू नये. तिच्या शेजारी दुरुस्तीची वेगळी नोंद घालावी, जिच्यात मूळ वेळ, सुधारलेली वेळ, कारण आणि मंजुरी देणाऱ्याचे नाव ही चारही असतील.

दुरुस्तीनंतर त्या तारखेची प्रक्रिया पुन्हा चालवावी लागते, आणि ती केवळ त्या दिवसापुरती चालवून भागत नाही, कारण रद्द झालेला लेटमार्क महिन्यातला तिसरा असेल तर त्याच्यामुळे गेलेला अर्धा दिवसही परत यायला हवा. पगाराचा महिना 26 ते 25 असा असेल आणि लेटमार्कची मोजणी 1 तारखेपासून होत असेल तर हे दोन्ही कालखंड पुन्हा चालवावे लागतात. ठेकेदारांच्या कामगारांबाबत आणखी एक पायरी उरते: गेटवरील नोंदी मुख्य कंपनीकडे असतात, वेतन ठेकेदार काढतो, आणि दोहोंमध्ये महिन्यातून एकदा पाठवलेली एक्सेलची फाइल एवढाच दुवा असतो. मुख्य कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये झालेली दुरुस्ती ती फाइल आधीच गेली असल्यास ठेकेदारापर्यंत पोचत नाही, कामगाराला गेटवर सांगितले जाते की चूक निस्तरली आणि पगारात ती तशीच राहते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने न दिलेल्या किंवा कमी दिलेल्या वेतनाची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर टाकली होती आणि नव्या कामगार संहितांतही ती त्याच्याकडून काढलेली नाही, तेव्हा सुधारित फाइल ठेकेदाराकडे पुन्हा पाठवणे, फरकाची रक्कम पुढच्या पगारात वेगळ्या ओळीत दाखवून घेणे आणि ती ओळ पावतीवर प्रत्यक्ष उमटल्याचे पाहणे, हे कंपनीच्या हजेरी विभागाचेच काम ठरते.